निळ्या नळीची साक्ष

१

धर्मराज पाटील भल्या सकाळी पाण्याच्या रांजणापाशी पालथा पडलेला सापडला, आणि परतूरच्या डॉक्टर शरदचंद्रांच्या दवाखान्यात एकच गोंधळ उडाला.

पहिली किंकाळी त्याच्या बायकोची, उषाबाईची. तिच्या मागोमाग कंपाउंडर गजानन धावला, मग अर्धी दाढी साबणातच ठेवून डॉक्टर धावले, आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांना बाजूला सारत, काकासाहेब वकील आले. अंबडच्या कोर्टात उर्दूतून घसा फोडण्यात या गृहस्थाचा उभा जन्म गेला होता. गर्दी दिसली की तिथं आपल्यावाचून अडलंय, अशी त्यांची पक्की खात्री असे. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती बरोबरच निघे!

धर्मराज शुद्धीत होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. श्वास खोल खोल चालला होता, ओठांना पापुद्रे धरले होते. हाताशी रिकामा तांब्या लवंडला होता.

"बाजेवर घ्या त्याला," डॉक्टर म्हणाले. "गजानन, आजची नळी?"

"निळीशार, साहेब! आत्ताच उकळली."

आता ही निळी नळी काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. काकासाहेब आणि धर्मराज दोघेही इथं रोगी म्हणून राहत होते, आणि दोघांचा रोग एकच, लघवीतून साखर जाण्याचा. डॉक्टर हैदराबादेहून शिकून आलेले, पण डोकं उघडं ठेवून आलेले. रानातला गुडमारीचा पाला जुनी माणसं या रोगावर देतात, तर तो एकदा नीट पारखूनच बघायचा, असं त्यांच्या मनानं घेतलं. मूळच्या पिंपळगाव रेणुकाईच्या चतुराबाई, म्हाताऱ्या पण काटक, डोंगरातून पाला आणून देत. रोग्यांनी मागच्या खोल्यांत राहायचं, पाला चावायचा, आणि सकाळची लघवी आपापल्या बाटलीत भरून फळीवर ठेवायची. गजानन ती काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर उकळायचा. साखर नसली तर नळी निळीच राहते. थोडी असली तर हिरवी होते, जास्त असली तर पिवळी, आणि बेसुमार असली तर भाजल्या विटेसारखी लाल. पाल्यानं नाहीच भागलं तर मग सुई, म्हणजे इन्शुलिन. त्याच्या बाटल्या डॉक्टरांनी ओल्या वाळूच्या माठात थंड ठेवल्या होत्या. बाकीचे रोगी होळीला गावी गेले ते अजून परतले नव्हते. उरले होते हे दोघेच.

"निळी म्हणजे साखर पार तळाला गेली," डॉक्टर म्हणाले. "पाल्यानं कमालच केली. गुळाचं पाणी आणा, जल्दी!"

उषाबाईनं पळत जाऊन गूळ कालवून आणला. घोट आत जातो न जातो तोच धर्मराजनं तो ओकून टाकला. श्वास आणखीच खोल गेला.

तेवढ्यात दारातून धर्मराजचा धाकटा भाऊ पुंजाराम आत शिरला. आठवडी बाजाराला आल्ता तो, गाडीचे बैलही सोडले नव्हते. दादाची ती दशा पाहिली आणि त्याचं डोकंच फिरलं.

"इख दिलं माझ्या दादाला! ह्या म्हातारीच्या पाल्यात इख हाय!" त्यानं चतुराबाईकडे बोट केलं. बिचारी नुकतीच पाल्याचं गाठोडं घेऊन आली होती. "पोलिसातल्या अमीनसाहेबाला बोलावून हिला आत टाकतो का न्हाई बघाच!"

मागं अंगणात धर्मराजची गाय जोरजोरात हंबरत होती. धार काढायची वेळ टळून गेल्ती. पुंजारामला ते ऐकवेना, तो चरवी घेऊन तरातरा गेला, आणि गाईची लाथ खाऊन तसाच लंगडत परत आला.

"आणखी गूळपाणी," डॉक्टर म्हणाले. "नाक धरून पाजावं लागेल."

त्यांनी वाटी उचलली, आणि काकासाहेबांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा डॉक्टर. आधी मला ह्या नळीची उलटतपासणी घेऊ द्या."

२

"माणूस हातचा चाललाय, आणि तुम्ही खटला चालवताय?" डॉक्टर तडकले.

"हातचा जाऊ नये म्हणूनच चालवतोय. होळीच्या दुसऱ्या दिवशी माझी नळी कशी आली होती?"

"पिवळीजर्द. मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही देवाशपथ सांगितलंत, गोडाला शिवलो नाही म्हणून."

"साफ खोटं सांगितलं!" काकासाहेब छाती पुढे काढून म्हणाले. एवढ्या अभिमानानं गुन्हा कबूल करणारा आरोपी अंबडच्या कोर्टानं पाहिला नसेल. "उषाबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पाला चावला की गूळ मातीसारखा लागतो, म्हणून त्या दिवशी मी पालासुद्धा थुंकून टाकला आणि चांगल्या आडव्या हातानं हाणल्या. वर तूप! आता सांगा, माझ्या पंगतीला कोण होतं?"

उषाबाईनं पदर तोंडाला लावला.

"हे होते," ती पुटपुटली. "सनाचा दिस, म्हनलं एक खाऊ द्या."

"धर्मराजनं माझ्याबरोबर पुरणपोळी खाल्ली. मी पाला थुंकला, त्यानं चावला, ठीक. पण डॉक्टर, तुमचा पाला काय जादूटोणा आहे? माझ्यासारख्या लठ्ठ म्हाताऱ्याची नळी लालची पिवळी, पिवळीची हिरवी करायला त्याला इतके दिवस लागले. आणि ह्या वाळलेल्या पोराची नळी पुरणपोळीनंतरही निळीच्या निळी?"

हा विचार डॉक्टरांच्याही मनात येऊन गेला होता. पण आपला प्रयोग फळाला येतोय, हे कोणाला नको असतं? शंका आली की ते ती गोड मानून घेत.

"आता बाहेर या," काकासाहेब म्हणाले आणि त्यांना ओढतच अंगणात घेऊन गेले. दोरीवर धर्मराजचं कालचं धोतर लटकत होतं, अजून धुवायचं होतं. त्याच्या एका सोग्यावर मुंगळे लागले होते. भिंतीपासून दोरीवर आणि दोरीवरून धोतरावर त्यांची रांग लागली होती.

"माझी आजी नळी उकळत नव्हती. लघवीच्या डागाला मुंगळे लागले की साखर जातेय हे ती समजायची. हे मुंगळे एक सांगतात आणि तुमची नळी दुसरं. दोघांतला एक गवाह खोटा आहे, आणि मुंगळ्यांना कुणी पढवलेलं नाही!"

डॉक्टर मागं फिरले ते धावतच. त्यांनी स्वतः धर्मराजला आधार देऊन भांडं लावलं, स्वतःच्या हातानं नळी भरली, दिव्यावर धरली. निळं औषध क्षणभर निळंच राहिलं. मग ढवळून हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता वीट कालवल्यासारखा लाल गाळ तळाला बसला.

"अरे देवा!" डॉक्टरांनी नळी खाली ठेवली. "साखर उतरलेली नाही, पार डोक्यावर चढलीय. आणि मी त्याला गूळ पाजत होतो! अजून दोन वाट्या गेल्या असत्या तर... गजानन, माठातलं इन्शुलिन काढ! पाणी उकळ, सुई टाक!"

पण दारात पुंजाराम आडवा झाला. हातात बैलाची काठी.

"न्हाई! बाटलीत भलतंच घालनारा इथंच हाय. कोन केलं ते कळल्याबिगर माझ्या दादाला कोनी बोट लावायचं न्हाई. त्याच हातानं सुईत इख घातलं तर?"

"पुंजाराम, उशीर झाला तर तो मरेल!"

"आन् तुमच्या हातानं मेला तर?"

काठी काही खाली येईना. धर्मराजचा श्वास घरभर ऐकू येत होता. काकासाहेबांनी जानवं कानावरून खाली घेतलं, धोतराचा सोगा खोचला आणि तपासणीच्या खोलीचं कोर्ट करून टाकलं.

"ठीक. सुईचं पाणी उकळेपर्यंत मी तुला माणूस काढून देतो."

३

पहिली जबानी गजाननची. गोरा, चटपटीत, बोलका पोरगा, बोटं कायम तपकिरीच्या डबीत. चुलीवर सुईचं भांडं ठेवतानाही त्यानं एक चिमूट नाकात कोंबलीच.

"बाटल्या फळीवरून कोण आणतं?"

"मी, वकीलसाहेब. पण भरतो ज्याचा तो. मी नुसतं उकळतो अन् साहेबांना नळी दाखवतो. आईची शपथ, मी काही केलं नाही!"

"शपथा मी पण घेतो, त्यांचं पुढं काय होतं ते आत्ताच पाहिलंस. धर्मराजच्या बाटलीत कधी काही वेगळं दिसलं?"

गजाननानं डोकं खाजवलं. "एकदा, अगदी सुरुवातीला, नुसतं पाणी होतं. मी ओरडलो त्याच्यावर, पाणी काय ठेवतो म्हणून. तो म्हणाला चुकून झालं. तेव्हापासून रंग बराबर. फक्त... साहेब गुर्दा बघायला आंबट औषधाचा थेंब टाकायला सांगतात ना, तो टाकला की ह्याचं फसफसतं. सोडा ओतल्यासारखं. मी साहेबांना सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "मी म्हटलं, पाल्याचाच काही गुण असेल."

"माझं फसफसतं का?"

"नाही वो. पालाही तुम्ही तोच खाता."

काकासाहेबांनी मान डोलावली. मग एकदम विचारलं, "गजानन, तू रोग्यांशी गप्पा फार मारतोस. सुईबद्दल काय सांगितलंस धर्मराजला?"

गजानन चपापला. "जे खरं तेच. तो म्हणाला सुईतलं औषध कशाचं असतं. मी म्हटलं, बैलाच्या नाहीतर डुकराच्या पोटात एक गाठ असते, तिचा अर्क काढतात, विलायतेहून येतो. एवढंच!"

काकासाहेब चतुराबाईंकडे वळले.

म्हातारी गाठोड्यावर हात ठेवून ताठ बसली होती. घाबरली होती, पण दाखवत नव्हती.

"वकीलसाहेब, माझा पाला म्या स्वतः खाऊन दाखवते, बिलकुल. पर येक सांगते. ह्यो पाला तुमच्यावानी भरल्या अंगाच्या मानसाला मानवतो. धर्मराजवानी जवान अन् कडक्या गड्याला न्हाई लागू पडत. माझ्या सासूनं बी असाच येक घालवला. डाक्टरला म्या सांगितलं व्हतं. तर ते म्हनले, बघा तर खरं, नळी निळी येऊन राह्यली! मंग म्या काय बोलू? मलाच कवतिक वाटलं माझ्या पाल्याचं."

"नळी निळी आली तर तुमचंच नाव होतं, चतुराबाई."

"व्हतं की. आन् गडी मेला की तेच नाव मातीत. एवढं कळतंय मला."

शेवटी उषाबाई. नवऱ्याच्या पायथ्याशी बसून ती त्याचे तळवे चोळत होती. एरवी मोठी हसतमुख बाई. धुळवडीला तिनं मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून मटणाचा रस्सा केला होता, त्याचा वास अख्ख्या दवाखान्याला दोन दिवस पुरला. नवरा माळकरी, त्यानं मटणाला जन्मात हात लावला नव्हता. ती मात्र ऐकणारी नव्हती. 'माळ त्यांच्या गळ्यात हाय, माझ्या न्हाई,' असं म्हणत तिनं काकासाहेबांसमोर मटणाच्या हाडाची नळी चोखली होती, आणि काकासाहेबांनीही हसून टाळी दिली होती.

"उषाबाई, ही गाय इथं कशाला आणली?"

"डाक्टर म्हनले ताक प्यावं. ह्यांना तिच्याबिगर करमत बी न्हाई. अन् ती तर ह्यांच्याबिगर कोनाला कासंपाशी येऊच देत न्हाई. मला सुदिक न्हाई. भाऊजींनी आत्ता लाथ खाल्लीच की."

"म्हणजे सकाळी उठून गाईजवळ जातो तो फक्त धर्मराज."

"आंधार असतानाच. चरवी घेऊन जातेत, धार काढून येतेत."

काकासाहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते फळीकडे गेले, धर्मराजची आजची बाटली घेतली, तिचं बूच काढलं आणि लांब श्वास घेतला. मग त्यांनी ती गजाननच्या नाकाशी धरली.

"कसला वास येतो?"

"तपकिरीचा," गजानन म्हणाला.

"धन्य आहे! डॉक्टर, तुम्ही घ्या."

डॉक्टरांनी वास घेतला, आणि त्यांची मुद्राच पालटली.

४

"गाईचं मूत भांड्यात घेऊन या," काकासाहेबांनी फर्मावलं. गाईच्या मागं खळग्यात साचलेलं पुंजाराम स्वतःच करवंटीत घेऊन आला. लंगडत का होईना, पण दारातली काठी तेवढ्यापुरती बाजूला झाली.

डॉक्टरांनी तीन नळ्या मांडल्या. एकीत काकासाहेबांची आजची लघवी, एकीत गाईचं, एकीत धर्मराजच्या बाटलीतलं. आंबट औषधाचा थेंब तिन्हींत पडला. काकासाहेबांची नळी ढिम्म राहिली. बाकीच्या दोन्ही एकसारख्या फसफसल्या.

"चारा खाणाऱ्या जनावराचं असंच होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आणि निळ्या औषधात ते निळंच राहतं. महिनाभर मी गाईची तपासणी करत होतो!"

"गाय ठणठणीत आहे, एवढं तर सिद्ध झालं," काकासाहेब म्हणाले. पण पुंजारामचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरली. "ऐक पुंजाराम. ज्यानं हे केलं त्याला बाटलीत साखर नसलेलं काहीतरी हवं होतं. गजाननला हवं असतं तर त्याच्याकडे स्वतःचं होतं. रोज दुसऱ्याची बाटली उकळणारा तो, त्याला त्याची कसली किळस? तो गाईच्या लाथा कशाला खाईल? चतुराबाई राहतात बाजाराच्या पलीकडे, येतात ऊन वर आल्यावर. बाटली तर त्याआधीच उकळून झालेली असते. तू आठवड्याला एकदा येतोस, पण बाटली रोज फसफसते. आणि तुलाही ती गाय जवळ येऊ देत नाही, ते तुझ्या मांडीला विचार."

"मंग ऱ्हायलं कोन?" पुंजाराम म्हणाला. त्याची नजर नकळत उषाबाईकडे गेली, आणि ती मटकन खालीच बसली.

"तिलाही गाय लाथ मारते. अरे, मुद्दा गाईचा नाहीच, मुद्दा मनाचा आहे. कोण असा आहे, की ज्याला दुसऱ्या माणसाचं मूत बाटलीत घालायचं म्हणजे विटाळ वाटतो, मागायचं तर शरमच, पण गोमूत्र हातात घ्यायला काहीच वाटत नाही? उलट वाटतं, ह्यात पाप नाही, हे पवित्रच आहे. पहिल्या दिवशी पाणी घातलं, पकडला गेला. मग गाईकडे गेला. आजही बाटली भरून ठेवली आणि धार काढण्याआधीच कोसळला. आणि हे सगळं का? तर नळी लाल आली की सुई येणार, आणि सुईत बैलाच्या पोटातली गाठ आहे, असं त्याला ह्या बडबड्यानं सांगून ठेवलंय."

सगळ्यांच्या नजरा बाजेवर गेल्या. धर्मराजच्या सुकलेल्या गळ्यावर तुळशीची माळ श्वासाबरोबर वरखाली होत होती. त्याचे डोळे उघडे होते.

"दादा?" पुंजारामच्या हातून काठी गळाली. "दादा, तू?"

धर्मराजचे ओठ हलले. आवाज कसाबसा बाहेर आला. "काकासाहेब... बराबर बोलले. म्या कोनाचं वाईट न्हाई केलं. वाटलं, पाला लागू पडंल... तंवर नळी निळी दिसू द्यावी. गुरांच्या जिवावर... म्या जगनार न्हाई."

"येड्या, तू मरून राह्यलास की रे!" पुंजाराम ओरडला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

५

सुई उकळून तयार होती. डॉक्टरांनी इन्शुलिन ओढलं. धर्मराजनं हात छातीशी घट्ट आवळून घेतला.

"बळजबरी मी करणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण संध्याकाळपर्यंत वाट पाहिली तर काही उरणार नाही."

काकासाहेबांनी आयुष्यात हरलेले खटले फार थोडे. ते बाजेवर बसले आणि सुरू झाले. म्हणाले, बैलाच्या जिवावर आपण शेत पिकवतो, त्याच्या कातड्याची चप्पल घालतो, मोट त्याच्याच कातड्याची. म्हणाले, प्राण वाचवायला घेतलेलं औषध देव पापात धरत नाही. म्हणाले, बायकोचं काय, शेताचं काय. धर्मराजनं सगळं ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मान हळूच नकारार्थी हलवली.

"चप्पल पायात ऱ्हाते, काकासाहेब. हे रगतात जानार. ही माळ गळ्यात आसंल तंवर न्हाई."

खोटं बोलायचं काकासाहेबांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, हे औषध झाडाचं आहे म्हणून. पण खोटी नळी त्यांनी आजच फोडली होती. दुसरी कुठल्या तोंडानं ठेवणार?

तेवढ्यात उषाबाई उठली. तिनं डोळे पुसले, पदर नीट केला, आणि बाजेच्या उशाशी येऊन उभी राहिली.

"माळ गळ्यात आसंल तंवर न्हाई, आसंच म्हनले न्हवं?"

तिनं दोन्ही हातांनी नवऱ्याच्या गळ्यातली माळ अलगद वर उचलली, त्याच्या डोक्यावरून काढली, आणि आपल्या गळ्यात घातली. मंगळसूत्रावर तुळशीचे मणी टेकले.

"उषे, काय करून राह्यलीस..." धर्मराज पुटपुटला.

"माळ खाली ठेवली न्हाई, बाटवली न्हाई. माझ्या गळ्यात हाय. तिचं समदं आता म्या पाळते. तुम्ही फकस्त हात फुडं करा. पाप आसंल तर ते माझ्या नावावर, अन् माझं अन् देवाचं बघून घिऊ. मला कपाळ पांढरं करायचं न्हाई. कळलं का?"

धर्मराज तिच्याकडे बघत राहिला. मग छातीवरचा हात सुटला आणि हळूच बाजेच्या कडेवर येऊन उताणा पडला.

"टोचा, डाक्टर," उषाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी सुई टोचली. त्या दिवशी आणि त्या रात्री ते बाजेपासून हलले नाहीत. पुन्हा पुन्हा नळी उकळली, पुन्हा सुई दिली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा नळीतली वीट पिवळी झाली होती, आणि धर्मराजनं डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली ती ही, की गाईची धार कोणी काढली का.

"कोणी नाही," काकासाहेब म्हणाले. "तिनं तुझ्या नावाचा मोर्चा काढलाय. ऊठ लवकर."

पुंजारामनं चतुराबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पाल्याचं गाठोडं सोडलं. पाला काही वाया गेला नाही. तो कोणाला लागू पडतो आणि कोणाला नाही, एवढं डॉक्टरांना आता पक्कं कळलं होतं. पाला म्हाताऱ्या, जाड रोग्यांना, तोही नळी डोळ्यांसमोर भरून घेऊनच, आणि जवान, वाळलेल्यांना पहिल्या दिवसापासून सुई, असं त्यांनी ठरवून टाकलं. गजाननची तपकिरीची डबी माठाशेजारच्या कोनाड्यात कुलूपबंद झाली. काकासाहेबांनी पाला प्रामाणिकपणे चावायचं कबूल केलं, पण सण सोडून, असं वर जोडायला ते विसरले नाहीत.

पुढच्या धुळवडीला काकासाहेब मुद्दाम धर्मराजच्या गावी गेले. धर्मराज अंगानं भरला होता. सकाळी उठून तो आधी गाईची धार काढी आणि मग स्वतःच्या हातानं सुई घेई, न चुकता. पुंजारामनं अंगणात मोठी चूल पेटवली होती, रस्सा रटरटत होता, आणि वास असा की काकासाहेबांना नळीबिळी सगळं विसरायला झालं. पानं मांडली. उषाबाई वाढायला आली, सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचं ताट घेऊन ओसरीच्या कडेला बसली. ताटात पिठलं, भाकरी आणि कांदा. गळ्यात माळ.

काकासाहेबांचा घास हातातच राहिला. त्यांना तिची ती चोखलेली नळी आठवली.

"उषाबाई, धर्मराज तर आता बरा झाला. माळ त्याची त्याला परत द्या की. आज एक दिवस तरी..."

तिनं रश्श्याच्या पातेल्याकडे पाहिलं, लांब श्वास घेतला, आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला.

"कसं देऊ, वकीलसाहेब? त्यांची सुई रोजची हाय. मंग माझी माळ बी रोजचीच की."